साधारण वेग

माझ्या भाच्यानें गेल्या वर्षीं एक सायकल घेतली, आणि तेव्हांपासून आमच्या घरीं जो वाद सुरू झाला तो अजून पुरता मिटलेला नाहीं. वादाचा विषय दिसण्यांत अगदीं क्षुल्लक आहे. अशा सायकलीचा साधारण वेग काय असतो, एवढाच तो प्रश्न. परंतु क्षुल्लक प्रश्नाचें एक टोक हातीं धरून चालूं लागलें म्हणजे दुसरें टोक कोठें निघेल याचा भरंवसा नसतो. या प्रश्नाचें दुसरें टोक नीतिशास्त्राच्या अंगणांत निघालें, आणि तेथें माझी स्वतःची कानउघाडणी झाली, म्हणून तो वाचकांपुढें मांडण्याचें धाडस करीत आहें.

ही सायकल आपल्या नेहमींच्या सायकलीसारखी नव्हे. आपल्या सायकलीच्या मागील चाकाला फ्रीव्हील असतें. पाय थांबले तरी चाक फिरत राहतें, आणि उतार लागला म्हणजे त्या फ्रीव्हीलची करकर ऐकत स्वस्थ बसतां येतें. भाच्याच्या सायकलीला फ्रीव्हील नाहीं. मागचा दांता चाकालाच घट्ट बसविलेला आहे. चाक फिरलें कीं पेडलें फिरलींच पाहिजेत, आणि पेडलें अडविलीं कीं चाकानें अडलेंच पाहिजे. तरुण मंडळी हिला 'फिक्स गिअर' म्हणतात. ज्यांनीं अशी सायकल पाहिली नसेल त्यांनीं घरांतील लहान मुलाची तीनचाकी आठवावी. तिचीं पेडलें पुढच्या चाकालाच बसविलेलीं असतात. अंगणाच्या उतारावरून ती सुटली कीं मूल घाबरून दोन्ही पाय वर उचलून घेतें, कारण पेडलें त्याच्या पायांचें ऐकेनाशीं होतात. म्हणजे आपण बहुतेकांनीं सायकलीचा श्रीगणेशा याच जातीच्या वाहनावर गिरविलेला असतो. पुढें फ्रीव्हीलचें सुख मिळालें आणि पहिला धडा विसरून गेला.

मी राहतों पिरंगुटास. भाचा राहतो कोथरुडास आणि नोकरीला येतो पिरंगुटच्या एका कारखान्यांत. चांदणी चौक ओलांडून भूगांव, भुकूम या मार्गानें आलें कीं पिरंगुटचा घाट लागतो, आणि तो उतरला कीं आमचें गांव. घाट म्हटल्यावर कोणीं बोरघाट डोळ्यांपुढें आणूं नये. मोटारीला तो एखाद्या गाण्याचें कडवें संपण्याच्या आंत उरकतो. पण सायकलवाल्याच्या मांड्यांना तो पुरता ठाऊक असतो. एके काळीं हें भातखाचरांचें गांव होतें. आतां खाचरें आहेत, कारखानेही आहेत, आणि या दोहोंमधून पौड, मुळशी व ताम्हिणीकडे जाणारा रस्ता रात्रंदिवस वाहतो. रविवारीं पहांटे पुण्याकडून सायकलस्वारांचे थवे मुळशीकडे जातांना दिसतात. त्या थव्यांना पाहून भाच्याला सायकलीचें वेड लागलें, आणि वेडांतही कांहीं वेगळें असावें म्हणून त्यानें ही बिनफ्रीव्हीलची सायकल निवडली.

"मामा," तो पहिल्याच दिवशीं म्हणाला, "हिचा वेग मोजायला यंत्र नको. पाय मोजले कीं झालें."

हें मात्र खरें आहे, आणि त्याचा हिशेब इतका सरळ आहे कीं तो येथें देण्याचा मोह आवरत नाहीं. त्याच्या सायकलीच्या पुढील चक्राला ४६ दांते आहेत, मागील दांत्याला १७. म्हणजे पेडलांचा एक फेरा झाला कीं मागचें चाक सुमारें २·७ वेळां फिरतें. चाकाचा परीघ सुमारें २·१ मीटर. तेव्हां एका फेऱ्यास सायकल सुमारें ५·७ मीटर पुढें सरकते. मिनिटास ६० फेरे घातले तर ताशीं सुमारें २० किलोमीटर, ७५ घातले तर २५ च्या वर, ९० घातले तर ३० च्या वर. घाट चढतांना फेरे तिसावर आले कीं वेग दहावर आला. उतारावर पाय १२० फेऱ्यांपर्यंत पोहोंचले तर ४० चा वेग होतो; त्यापुढें सामान्य माणसाचे पाय भिरभिरूं लागतात आणि बूड जागेवर राहत नाहीं. तात्पर्य, सपाट रस्त्यावर वीसपासून तिसाच्या आंतबाहेर, गर्दींत त्याहून पुष्कळ कमी, चढावर दहा-बारा, आणि उतारावर पाय सोसतील तेवढा, हा अशा सायकलीचा साधारण वेग होय. दांते बदलले तर आंकडे थोडे सरकतील, पण पाय आणि चाक यांचें नातें सुटणार नाहीं.

हें नातें सायकलीइतकेंच जुनें आहे. पुढें प्रचंड व मागें चिमुकलें चाक असलेल्या जुन्या उंच सायकलीचीं पेडलें थेट मोठ्या चाकालाच असत. अधिक वेग हवा असेल तर अधिक मोठें चाक, आणि चाक मोठें व्हावें तर पाय लांब हवेत. इंग्लंडांत १८८५ सालीं स्टार्ली यानें साखळीची 'रोव्हर' सायकल काढली, तेव्हां वेगाची पायांच्या लांबीच्या बंधनांतून सुटका झाली. फ्रीव्हीलचा प्रसार त्यानंतर, एकोणिसावें शतक सरतां सरतां झाला. त्याही पुढें गिअर बदलण्याच्या युक्त्या निघाल्या. फ्रान्समधील प्रसिद्ध शर्यतीचा जनक आंरी देग्रांज या युक्त्यांवर इतका नाराज होता कीं गिअर बदलणाऱ्या यंत्राला त्या शर्यतींत १९३७ पर्यंत मोकळीक मिळाली नाहीं. यंत्राच्या साह्यानें मिळविलेला वेग हा माणसाचा वेग नव्हे, अशी त्याची धारणा होती. स्वतः देग्रांजनें १८९३ सालीं पॅरिसच्या धांवपट्टीवर एका तासांत ३५·३२५ किलोमीटर जाऊन विक्रम नोंदविला होता. १९७२ सालीं मेक्सिको शहरांत एडी मर्क्स ४९·४३१ किलोमीटर गेला, आणि २०२२ सालीं इटलीचा फिलिप्पो गान्ना ५६·७९२ किलोमीटर गेला. हे तिघेही न थांबणाऱ्या पेडलांवर गेले. तासाच्या विक्रमांत पाय आणि चाक यांची गांठ अजून सुटलेली नाहीं.

देग्रांजची ही धारणा माझ्या भाच्याला न वाचतांच पटलेली होती. तो म्हणे, "मामा, या सायकलीवर फुकट कांहीं मिळत नाहीं. जेवढें मी करीन तेवढेंच मला मिळेल. तुमच्या फ्रीव्हीलवर माणूस उतारावर आयत्या वेगाचा धनी होतो." हें ऐकून मला फार बरें वाटलें. तरुण मुलगा, पगार चांगला, दाराशीं मोटारसायकल उभी, आणि तरीही आपल्या कमाईचाच वेग हवा म्हणतो! मीं त्याची पाठ थोपटली. उन्हाळ्यांत त्यानें त्या सायकलीचा पुढचा ब्रेक काढून टाकला, कारण ब्रेकच्या तारांनीं सायकलीची शोभा जाते, आणि पाय मागें रोखले कीं सायकल थांबतेच, असें त्याचे मित्र म्हणत. तेव्हांही मीं कांहीं बोललों नाहीं. उलट, "संन्याशाला कमंडलूचेंही ओझें" असा एक विनोद केला. तो विनोद मला पुढें फार महाग पडला.

पावसाळ्यांतली गोष्ट. भाद्रपद लागला होता. सकाळची सर नुकतीच थांबली होती आणि रस्ता ओला होता. भाचा घाट उतरून येत होता. पायथ्याच्या जवळ एक म्हातारी बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन रस्ता ओलांडीत होती. भाऱ्यामुळें तिला बाजूचें दिसत नव्हतें. भाच्यानें तिला पाहिलें, हांक मारली, आणि दोन्ही पायांनीं पेडलें रोखलीं. मागचें चाक अडलें, पण ओल्या डांबरावर तें तसेंच घसरत गेलें, सायकल आडवी झाली, आणि हँडलाचा तडाखा म्हातारीच्या खांद्याला बसला. ती हातावर पडली आणि तिचें मनगट मोडलें. भाच्याला खरचटण्यापलीकडे कांहीं झालें नाहीं. रस्त्यांत बसल्या बसल्या त्या बाईनें पहिलें वाक्य उच्चारलें तें हें: "लेकरा, तुला लई लागलं का रं?"

सहा आठवडे हात प्लास्टरमध्यें राहिला. दिवस खुरपणीचे होते. ती दुसऱ्याच्या खाचरांत रोजानें जात असे. सहा आठवड्यांचा रोज बुडाला. औषधपाण्याचा खर्च भाच्यानें केला, रोजही भरून दिला; त्यांत त्यानें हात आंखडला नाहीं. पण त्या दिवशीं संध्याकाळीं तो माझ्याकडे आला तेव्हां त्याचें एकच पालुपद चाललें होतें: "मामा, मी कांहीं भरधांव नव्हतों. पंचविसाच्या आसपास असेन. या सायकलीचा हा साधारण वेगच आहे. कोणालाही विचारा."

कोणालाही विचारलें असतें तर त्यानें होय म्हटलें असतें, यांत शंका नाहीं. वर दिलेल्या हिशेबानें पंचवीस हा साधारणच वेग ठरतो. मग प्रश्न असा कीं, साधारण वेगानें जाणाऱ्याच्या हातून झालेलें नुकसान हा त्याचा दोष कीं दैवाचा घाला?

'साधारण' हा शब्द मोठा मायावी आहे. तो आरंभीं 'असतो' असें सांगतो, आणि आपलें लक्ष नाहींसें पाहून हळूच 'असावा' या अर्थानें बोलूं लागतो. बहुतेक लोक ताशीं पंचवीस जातात, हें एक वृत्त आहे. ताशीं पंचवीस जाण्यास हरकत नाहीं, हा एक निवाडा आहे. वृत्तांतून निवाडा आपोआप निघत नाहीं, हें अठराव्या शतकांत ह्यूम यानें तत्त्वज्ञांच्या नजरेस आणून दिलें. पण तत्त्वज्ञांना तें पटलें तरी रस्त्यावरच्या माणसाला कोठें पटलें आहे? एकोणिसाव्या शतकांत बेल्जमचा ज्योतिषी क्वेतले यानें हजारों माणसांचीं मापें गोळा करून त्यांतून एक 'सरासरी माणूस' निर्माण केला, आणि तो जणूं माणसाचा आदर्श होय असें मानण्यापर्यंत त्याची मजल गेली. तेव्हांपासून सरासरीला एक प्रकारचें सोंवळें प्राप्त झालें आहे. सर्वजण देतात तेवढी लांच, सर्वजण चुकवितात तेवढा कर, सर्वजण घेतात तेवढा हुंडा. 'साधारण' म्हटलें कीं या सर्वांचा डाग धुवून निघतो. चारचौघांत मिसळला म्हणजे गुन्हाही चारचौघांसारखा दिसूं लागतो.

अॅरिस्टॉटलनें सद्गुण हा दोन टोकांमधला मध्य आहे असें सांगितलें, म्हणून कित्येकांना वाटतें कीं त्यानेंही सरासरीचाच पुरस्कार केला. वस्तुतः त्यानें हा गैरसमज होऊं नये अशी काळजी घेतली आहे. दहा माप अन्न फार आणि दोन माप थोडें, म्हणून सहा माप योग्य, असें तो म्हणत नाहीं. सहा माप मायलोसारख्या मल्लाला अपुरें आणि नवशिक्याला जास्त होईल. योग्य मध्य हा गणिताचा नसून त्या माणसाचा, त्या वेळेचा आणि त्या प्रसंगाचा असतो. हा विचार सायकलीवर बसवून पाहावा. कोरड्या, मोकळ्या, सपाट रस्त्यावर पंचवीस हा वेग निर्दोष असेल. ओल्या उतारावर, गांवाच्या तोंडाशीं, पुढचा ब्रेक नसतांना, तोच पंचवीस उतावळेपणाचा ठरतो. आंकडा एकच, पण कृत्यें दोन.

येथें पदार्थविज्ञानाचीही साक्ष काढतां येते. ताशीं २५ किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारें सात मीटर. संकट दिसल्यापासून पाय रोखेपर्यंत एक सेकंद गेला तर सात मीटर तेथेंच संपले. पुढें, चांगला पुढचा ब्रेक असेल तर कोरड्या सपाट रस्त्यावर सायकल आणखी पांचएक मीटरांत उभी राहते. केवळ मागचें चाक रोखून थांबावयाचें तर तेंच अंतर दहा मीटरांच्या घरांत जातें, कारण थांबतांना शरीराचा भार पुढें झुकतो, मागचें चाक हलकें होतें, आणि हलकें चाक रस्त्याला घट्ट धरूं शकत नाहीं. उतार आणि ओल यांनीं तें अंतर आणखी वाढतें. आणि वेग दुप्पट झाला तर तें दुप्पट नव्हे, चौपट होतें. पाय कितीही बळकट असोत, या नियमाला ते लांच देऊं शकत नाहींत. भाच्याच्या मित्रांनीं पायांवर भरंवसा ठेवावयास सांगितलें, तो भरंवसा चुकीच्या ठिकाणीं ठेवलेला होता. थांबण्याचा प्रश्न पायांचा नसून चाक आणि रस्ता यांचा होता.

कोणी म्हणेल, धांवपट्टीवरच्या शर्यतींच्या सायकलींना मुळीं ब्रेकच नसतो, त्याची वाट काय? पुण्याजवळ बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत सायकलींची अशी धांवपट्टी आहे. तेथें ब्रेक नसणें हाच नियम आहे, आणि तो शहाणपणाचा आहे. मध्येंच एकानें ब्रेक दाबला तर मागचे सर्व त्याच्यावर येऊन आदळतील. पण तेथें सर्वांचें तोंड एकाच दिशेला असतें, समोरून कोणी येत नाहीं, आडवें कोणी जात नाहीं, आणि जो उतरतो तो या अटी मान्य करूनच उतरतो. रस्त्यावर उतरलेल्या म्हातारीनें कोणत्या अटी मान्य केल्या होत्या? रस्ता हा शर्यतीचा आखाडा नाहीं. तेथें आंधळा, बहिरा, मूल, गाय आणि डोक्यावर भारा घेतलेली बाई या सर्वांचा समान अधिकार आहे. धांवपट्टीवर जी साधना तीच रस्त्यावर दुसऱ्याच्या जिवावरची चैन होते.

अशीच एक घटना लंडनमध्यें २०१६ सालीं घडली आणि तिचा परिणाम फार भयंकर झाला. पुढचा ब्रेक नसलेल्या अशाच सायकलीवरून एक तरुण जात असतां रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला धडक बसली आणि तींत तिचा अंत झाला. पुढील वर्षीं खटला चालला. मनुष्यवधाच्या आरोपांतून तो सुटला, पण घोडागाड्यांच्या काळांतल्या १८६१ च्या कायद्यांतील, बेफाम वाहन हांकून इजा करण्याविषयींच्या कलमाखालीं त्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्याचा वेग प्रारंभीं ताशीं अठरा मैलांच्या, म्हणजे एकोणतीस किलोमीटरांच्या आसपास होता असें खटल्यांत सांगण्यांत आलें. तोही साधारणच म्हणावा लागेल. पण तेवढ्यावरून त्याला निर्दोष मानण्यांत आलें नाहीं. हातीं असलेला वेग आवरण्याचें साधन त्यानें जवळ ठेवलें होतें काय, हा खटल्यांतला कळीचा मुद्दा होता.

मीं हें सर्व भाच्याला सांगितलें तेव्हां तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्यानें असा प्रश्न केला कीं त्याला टाळून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. तो म्हणाला, "मामा, याच घाटांतून मोटारी साठाच्या वेगानें जातात. त्यांना तुम्ही कधीं नीतिशास्त्र शिकवलंत का? सायकलवाला गरीब सांपडला म्हणून सगळं त्याच्या माथीं!"

या तक्रारींत सत्य आहे, आणि तें थोडें नाहीं. सायकल व स्वार मिळून ८५ किलो वजन पंचविसाच्या वेगानें जात असेल, आणि १,२०० किलोची मोटार साठाच्या वेगानें जात असेल, तर त्या दोहोंच्या आघाताच्या शक्तीचें प्रमाण एकास सुमारें ऐंशी असें पडतें. म्हणजे मोटारवाल्याला आपण सायकलवाल्याच्या ऐंशीपट जाब विचारावयास हवा. तसा आपण विचारीत नाहीं. मोटारीचा वेग हा आपल्याला ऋतुमानासारखा वाटूं लागला आहे. त्याच्यापासून जपावें, त्याला दोष देऊं नये! ही आपल्या समाजाची लाजिरवाणी गोष्ट आहे, आणि भाच्याच्या रागाला मी माझा राग जोडतों. परंतु ऐंशीपट अपराधी सुटतो म्हणून एकपट अपराध शून्य होत नाहीं. म्हातारीचें मनगट मोटारीनें मोडलें नव्हतें. दुसऱ्याचा दोष हा आपल्या दोषाचा उतारा नसतो. फार तर तो आपल्या सोबतीला बसतो.

आतां राहिला तो आयत्या वेगाचा प्रश्न. भाच्याचा सिद्धान्त असा होता कीं फ्रीव्हीलवाला उताराचें दान घेतो आणि तो मात्र स्वकष्टाचें खातो. घाटांतल्या त्या सकाळीं या सिद्धान्तालाही तडा गेला. चढावर पाय चाकाला फिरवितात हें खरें. उतारावर मात्र चाक पायांना फिरवीत होतें. तो वेग त्याच्या मांड्यांनीं कमावलेला नव्हता. डोंगरानें तो त्याच्या अंगावर टाकला होता. पाय हलत होते म्हणून त्याला वाटलें कीं आपणच कर्ते आहों. माणसाच्या आयुष्यांत हा भ्रम कितीदां होतो! संवयीनें, परिस्थितीनें, घराण्याच्या नांवानें आपण पुढें ढकलले जात असतों, आणि पाय हलत असल्यामुळें तें आपलें कर्तृत्व समजतों. फ्रीव्हीलवाला निदान पाय थांबवून बसतो. आपल्याला डोंगर नेत आहे हें त्याला कळतें.

पिरंगुटवरून पुढें जाणाऱ्या याच रस्त्यानें मुळशीला गेलें कीं उताराच्या दानाची दुसरी कथा समोर येते. मुळा नदी तेथें धरणानें अडविली आहे, आणि तिचें पाणी सह्याद्रीवरून खालीं कोंकणांत भिऱ्याच्या वीजगृहाकडे सोडलें आहे. त्या उताराच्या बळावर वीज निर्माण होते, आणि ती प्रथमपासून मुंबईसाठीं होती. मुंबईच्या दृष्टीनें हा डोंगरानें दिलेला आयता वेग. पण त्यासाठीं मावळांतल्या सुमारें पन्नास गांवांच्या जमिनी गेल्या. १९२१ च्या एप्रिलांत तेथील मावळ्यांनीं टाटा कंपनीच्या या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला, सेनापति बापट त्याचे अध्वर्यु झाले, आणि त्यापायीं त्यांनीं व इतरांनीं तुरुंगवास सोसला. सत्याग्रह यशस्वी झाला नाहीं. धरण बांधून झालें. मुंबईंत दिवा लावणाऱ्यानें कांहीं पाप केलें असें मला म्हणावयाचें नाहीं. मीही दिवा लावतों. पण फुकटच्या उतारावर कोणी तरी आडवें येत असतें, आणि त्याच्या डोक्यावर भारा असल्यामुळें त्याला आपण दिसत नसतों. तेव्हां पाहण्याची जबाबदारी कोणाची, हें उघड आहे.

म्हणून फ्रीव्हील वाईट आणि बांधलेलें चाक चांगलें, हा भाच्याचा पक्ष मला पटत नाहीं. आणि त्याच्या उलट पक्षही पटत नाहीं. विसाव्यांत पाप नाहीं. आपल्या वाडवडिलांनीं चढ चढून ठेवला, म्हणून आपल्या वांट्याला कांहीं उतार आले आहेत; ते कृतज्ञतेनें घ्यावेत. तसेंच कष्टांतही आपोआप पुण्य नाहीं. स्वतःला सोपें साधन नाकारणें ही तपश्चर्या होऊं शकते, परंतु नाकारलेल्या साधनाची किंमत जर दुसऱ्याच्या मनगटानें भरावी लागत असेल तर ती तपश्चर्या नव्हे. ज्यानें ब्रेक काढला त्यानें स्वतःचें सुख सोडलें असें त्याला वाटलें; प्रत्यक्षांत त्यानें त्या अनोळखी बाईची सुरक्षितता सोडून दिली, आणि ती त्याच्या मालकीची नव्हती. मग योग्य वेग कोणता? समोर जें कोणी येईल त्याच्या अलीकडे ज्या वेगांतून थांबतां येईल तो. त्याचा आंकडा सांगतां येत नाहीं. तो वळणावळणाला आणि सरीसरीला बदलतो, आणि दर वेळीं तो नव्यानें ठरविण्याचे कष्ट घ्यावे लागतात. साधारण वेगाचा आधार आपण घेतों तो हेच कष्ट चुकविण्यासाठीं.

वाद येथें संपला असता तर भाच्याला उपदेश करून मी मोकळा झालों असतों. पण दुसऱ्या दिवशीं तो ब्रेक बसवून घेण्यासाठीं दुकानाकडे निघाला, तेव्हां सोबत म्हणून मीही माझी जुनी सायकल काढली. दुकानदारानें त्याचें काम करतां करतां सहज माझ्या सायकलीचे ब्रेक दाबून पाहिले आणि म्हणाला, "काका, रबरं कधीं बदललीं होतीं? नुसतं लोखंड घांसतंय." मला सांगतां आलें नाहीं. वीस वर्षें मी याच घाटावरून फ्रीव्हीलची करकर ऐकत उतरत आलों आहें, पंचविसाहूनही अधिक वेगानें कितीदां तरी. माझ्या समोर कोणी आडवें आलें नाहीं, एवढेंच. भाचा कांहीं बोलला नाहीं, आणि मीही त्याच्याकडे पाहिलें नाहीं. दोन्ही सायकलींचें काम एकदमच करून घेतलें.

म्हातारीचा हात आतां बरा आहे, पण भारा उचलतांना अजून दुखतो असें ती सांगते. भाचा रोज घाट उतरून येतो, तिच्या झोंपडीपाशीं वेग आणखी कमी करतो, आणि ती दारांत असली तर उतरून दोन शब्द बोलतो. त्यामुळें त्याला कारखान्यांत पोहोंचावयास पूर्वींपेक्षां चार-पांच मिनिटें अधिक लागतात. त्याचे मित्र त्याला अजून विचारतात, या सायकलीवर साधारण वेग किती पडतो? परवां मीं त्याचें उत्तर ऐकलें. तो म्हणाला, "कुठं आणि कोण समोर आहे, तें आधीं सांग."